चौदा पांढऱ्या वायरी

३ एप्रिल, गुरुवार

डायरी लिहायची मला सवय नाही. छत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात दुसऱ्यांच्या टिपणांवर शेरे मारण्यात गेली, स्वतःचं काही लिहायला सवड झाली नाही. पण आज जे झालं ते कुठं तरी जसंच्या तसं राहायला हवं, आणि सोसायटीच्या इतिवृत्तात ते तसं राहणार नाही. कारण सोसायटीचा सचिव मीच आहे आणि इतिवृत्तही मीच लिहितो.

आज विशेष सभेत माझा ठराव एकमताने मंजूर झाला. पार्किंगमधली बंद वाहनं सभासदांनी महिन्याच्या आत हलवावीत, नाही तर सोसायटी ती भंगारात काढेल. मसुदा माझा, टायपिंग माझं. नेम धरला होता पहिल्या मजल्यावरच्या प्रभुलिंग कोरेवर. त्याची चाकं बसलेली व्हॅन चार वर्षं माझ्या स्कूटरच्या वाटेत उभी आहे. आतापर्यंत तीन वेळा मांजर व्याली तिच्यात.

प्रभुलिंगने हसत हसत सही केली आणि विचारलं, "ठराव झक्कास आहे बिराजदार साहेब. पण त्या कोपऱ्यात चादरीखाली कोण झोपलंय?"

मी म्हणालो, "ती आमच्या आप्पांची जावा मोटरसायकल. ती बंद नाही. फक्त बरेच दिवस चालू केलेली नाही."

"किती दिवस?"

"एकोणीस वर्षं."

सभागृह हसलं. सभागृह म्हणजे गच्चीवरच्या बावीस खुर्च्या. अध्यक्षा वैजयंती मॅडम निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे. सत्तावीस तारखेच्या रविवारी, सकाळी दहाला, सर्वांसमोर चालू करून दाखवा. चालू झाली तर राहील. नाही झाली तर तुमची गाडी आणि कोरेंची व्हॅन एकाच टेम्पोतून जाईल."

हे मीच लिहून घेतलं आणि खाली मीच सही केली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताना माझं अक्षर इतकं सुरेख आलं होतं की वैजयंती मॅडमनी त्याची तारीफ केली.

४ एप्रिल, शुक्रवार

चादर काढली. जेकार्डची जाड चादर, आप्पांच्या मिलमधली. खाली गाडी अजून बरी आहे. मरून रंग, टाकीवर दोन पोचे.

पुढे विसरायला नको म्हणून लिहून ठेवतो. आप्पा, म्हणजे रेवणप्पा बिराजदार, मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागावरचे मुकादम, होते. गाडी एकाहत्तर साली घेतली. मिल बंद पडली, पण गाडी बंद पडली नाही. नव्व्याण्णव साली मात्र त्यांनी जाहीर केलं, "आता वय झालं, मी चालवणार न्हाय." तरी रोज सकाळी बाळीवेसच्या घराच्या अंगणात स्टँडवर लावून चालू करायचे. त्याच वर्षी मला बढती मिळाली आणि करमाळ्याला बदली झाली. मी शनिवारी एसटीने यायचो, सोमवारी पहाटे जायचो. दोन हजार सहा साली आप्पा गेले. पुढच्या वर्षी आम्ही जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला तेव्हा गाडी टेम्पोतून आणली. मी स्वतः आयुष्यभर स्कूटरवाला. ही गाडी मला आप्पांनी कधी दिली नाही आणि मीही मागितली नाही.

आज हेडलाइटची काच काढली आणि डोक्याला हात लावला. आतल्या सगळ्या वायरी पांढऱ्या! लाल नाही, निळी नाही, काळी नाही. चौदा वायरी, चौदाही पांढऱ्या. कुठल्या शहाण्या माणसाने आख्ख्या गाडीला एकाच रंगाची वायर घातली असेल? आप्पांनी. मिलमध्ये फुकट मिळालं असेल भेंडोळं. शिवाय प्रत्येक वायरीला तेलकट काळा दोरा गुंडाळलेला आणि दोऱ्याला जागोजागी गाठी. असली कळकट गाडी घेऊन सभासदांसमोर जायचं म्हणजे शोभा करून घेणं.

मीटर पाहिला. ५३,६४०. नव्व्याण्णव सालच्या विम्याच्या फॉर्मवर मी स्वतः लिहिलेला आकडा आहे ४८,२१३. म्हणजे जागेवर उभी गाडी ५,४२७ किलोमीटर चालली. स्टँडवर चाक फिरत असणार. जुने मीटर असेच.

बायको, दाक्षायणी, गॅलरीतून म्हणाली, "अहो, ते दोरे असू द्या. असतील कशासाठी तरी."

मी म्हटलं, "तू चहा टाक."

५ एप्रिल, शनिवार

कामाला शिस्त हवी. आधी फाईल साफ, मग निर्णय. सगळ्या वायरी जागेवरून सोडवल्या, दोरे कात्रीने कापून टाकले, वायरी रॉकेलच्या फडक्याने पुसल्या. मग प्रत्येक टोकाला डिंकाने कागदी चिठ्ठी लावली, क्रमांक एक ते चौदा, आणि नोंदवहीत क्रमांकानुसार नोंद केली. आप्पा जिवंत असते तर त्यांना कळलं असतं की हेडक्लार्क उगाच होत नाही कुणी.

दाक्षायणीने संध्याकाळी विचारलं, "दोरे कुठं टाकलेत?"

"कचऱ्यात."

ती तशीच आत गेली.  रात्री भाकरी वाढली, शेंगाचटणी वाढली, पण तोंडातून शब्द नाही. ऊन फार आहे, तिला उन्हाचा त्रास होतो.

६ एप्रिल, रविवार

आज त्रेचाळीस अंश होतं. दुपारी पार्किंगमध्ये कुणी उभं राहत नाही, मीही नाही राहिलो. डिंकही नाही राहिला. संध्याकाळी खाली गेलो तर वायरी मोकळ्या, चिठ्ठ्या गायब.

झाडणाऱ्या केराबाईने प्लास्टिकची पिशवी हातात दिली. "सायेब, तुमची कागदं पडली व्हती समदी. मी एक बी हरवू दिलं न्हाय बगा."

खरंच, चौदाच्या चौदा चिठ्ठ्या होत्या. मी तिचे आभार मानले. दुसरं काय करणार?

९ एप्रिल, बुधवार

नवी पेठेत सहा व्होल्टची बॅटरी शोधत फिरलो. तीन दुकानांत नाही. चौथ्यात पोरसवदा दुकानदार म्हणाला, "काका, नातवाच्या खेळण्याला पाहिजे का?" मी म्हटलं, आजोबांच्या खेळण्याला पाहिजे. त्याने आत जाऊन काढून दिली.

गुरुशांतने पुण्याहून मोबाईलवर गाडीच्या वायरिंगचा नकाशा पाठवला. सोबत, "बाबा, गाडी विकून टाका ना, इथं एकजण विचारतोय." नकाशा फार सुंदर आहे. लाल वायर चावीकडे, निळी कॉइलकडे, काळी हॉर्नकडे. मी तो मोठा करून छापून आणला आणि गाडीशेजारी ठेवला. पांढरी, पांढरी, पांढरी.

११ एप्रिल, शुक्रवार

पहिली चाचणी. अंदाजाने आणि अनुभवाने वायरी जोडल्या. अनुभव फायलींचा होता, हे मान्य.

चावी फिरवली. किक मारली. पीं!

दुसरी किक. पीं!

इंजिनात ठिणगी पडायच्या ऐवजी हॉर्न वाजत होता. जितक्या किका तितके हॉर्न. आणि पायाखालचा ब्रेक दाबला की हेडलाइट लागायचा. प्रभुलिंग वरून ओरडला, "साहेब, बाजूला होतो की, एवढा हॉर्न कशाला?"

त्याच्या व्हॅनमधून मांजर घाबरून बाहेर पळालं. या प्रयत्नातून एवढंच एक काम झालं.

१३ एप्रिल, रविवार

पाणी आलं. दिवस सोसायटीच्या टाक्या भरण्यात गेला. गाडी नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

शेवटी बाळीवेसला कल्लप्पा मिस्त्रीकडे गेलो. आप्पांच्या वेळचा माणूस, आता सत्तरीचा, पण गॅरेज चालू आहे. मला ओळखायला त्याला वेळ लागला. गाडीचं नाव काढल्याबरोबर मात्र उठून उभा राहिला.

"आप्पांची जावा? हौदु हौदु, व्हय की! हाय का अजून? आन् वैनी कशा हायत?"

मी म्हटलं, बऱ्या आहेत.

"त्यान्ला का न्हाय आणलं?"

मी म्हटलं, काम गाडीचं आहे. तो गालातल्या गालात हसला. दहा मिनिटांत त्याने दाक्षायणीची दोनदा चौकशी केली, माझी एकदाही नाही. जुन्या लोकांना रीत राहिली नाही.

वायरिंग सांगितलं तर म्हणाला, "त्या वायरिंगला आप्पांनी मला कवाच हात लावू दिला न्हाय. तितं रंगाचं कामच न्हवतं. दोऱ्याच्या गाठी मोजायच्या. गाठी हायत न्हवं?"

"त्या मी कापल्या."

कल्लप्पाने हातातला पाना खाली ठेवला. "अय्यय्यो! शिव शिव शिव."

"कुठल्या गाठीला कुठली वायर, तेवढं सांगा."

"मला कुटं ठावं? ज्यानं बांदल्या त्यालाच ठावं."

मी म्हटलं, आप्पा तर गेले, आता कुणाला विचारू? त्याने पाना परत उचलला आणि म्हणाला, "घरात इचारा की."

१६ एप्रिल, बुधवार

कल्लप्पाचं म्हणणं विचारात घेऊन आज पूर्ण घर शोधलं. आप्पांनी कुठं तरी टिपून ठेवलं असणार. माळ्यावरची त्यांची ट्रंक उपसली. वही नाही, कागद नाही. मिलचा बिल्ला, सिद्धेश्वराचा फोटो, पांढऱ्या वायरीचं उरलेलं भेंडोळं आणि चष्म्याची डबी. चष्मा अगदी नवा कोरा, काचेवर एक ओरखडा नाही. दोन हजार सालचा आहे, डबीत दुकानाची चिठ्ठी होती. सहा वर्षं वापरून वस्तू इतकी जपणारा माणूस आता मिळायचा नाही.

दाक्षायणी शिडी धरून खाली उभी होती. म्हणाली, "नेमकं काय शोधताय?"

"तुला नाही कळायचं, वायरिंगचं आहे."

तिने शिडी सोडली आणि आत गेली. मी तसाच लोंबकळत उतरलो.

१७ एप्रिल, गुरुवार

कल्लप्पा स्वतः रिक्षाने आला. इंजिन अडकलं नव्हतं, त्याने तेल घालून फिरवून मोकळं केलं. टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, नवं पेट्रोल घातलं. पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारा भाग, घासून चकचकीत केला. "माजं काम झालं. आता निसती वायर."

मी वर नोंदवही आणायला गेलो. येईपर्यंत तो आणि दाक्षायणी पायरीवर बसून कानडीत गप्पा मारत होते आणि दाक्षायणी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मला पाहून दोघं गप्प झाले. कसला विनोद होता विचारलं तर म्हणाली, "काही नाही, तळ्यावरची जुनी गोष्ट." कल्लप्पा पैसे न घेता गेला.

१९ एप्रिल, शनिवार

आता शास्त्रीय पद्धत. चौदा वायरी चौदा जागी किती प्रकारे लागू शकतात, हे आधी काढावं म्हणून गुणाकाराला बसलो. आकडा आठ हजार कोटींच्या पुढे गेल्यावर पेन ठेवलं. रोज दहा प्रयत्न केले तर सत्तावीस तारखेपर्यंत ऐंशी होतात.

तरी केले.

प्रयत्न क्र. २३: हॉर्न ठीक, पण हॉर्न दाबला की मागचा दिवा जातो.

प्रयत्न क्र. २७: काही नाही. पूर्ण शांतता. थोडं बरं वाटलं.

प्रयत्न क्र. ३१: धूर.

धूर पाहून वैजयंती मॅडम तिसऱ्या मजल्यावरून खाली आल्या आणि आग विझवायचं नळकांडं मागितलं. ते सचिवाच्या ताब्यात असतं. त्याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली आहे, हे त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचून दाखवलं. तोवर धूर आपोआप थांबला होता.

२२ एप्रिल, मंगळवार

मुदतवाढीसाठी अर्ज लिहिला. प्रति, सचिव. विषय, जुने वाहन. मग सचिव या नात्याने तो वाचला. कारणं समाधानकारक वाटली नाहीत. फेटाळला.

आज गाडीपाशी नुसता बसून राहिलो. खरं लिहायचं तर मला भीती वाटते आहे. सभासद हसतील याची नव्हे. हसतील आणि विसरतील. पण टेम्पो येईल, दोन माणसं गाडी उचलून व्हॅनच्या शेजारी टाकतील, आणि ते सगळं माझ्या सहीने झालेलं असेल. आप्पांचं असं माझ्याकडे दुसरं काय आहे? करमाळ्याच्या त्या सात वर्षांत मी त्यांच्याशी किती बोललो, ते आठवू लागलो तर पान भरत नाही.

एक मात्र आठवलं. शनिवारी मी दारात आलो की ते खाटेवरूनच म्हणायचे, "मल्लू, चप्पल नवी घेतलीस व्हय?" नाही तर, "आज दमलाईस, जिना सावकाश चढलास." तोंड भिंतीकडे असलं तरी त्यांना सगळं कळायचं. इतकं बारीक लक्ष असणारा माणूस मी नोकरीत पाहिला नाही.

हे दाक्षायणीला सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली. मग म्हणाली, "तुम्ही मला कधी काही विचारतच नाही हो."

मी म्हटलं, "काय विचारू?"

"तेच."

२४ एप्रिल, गुरुवार

आज जरा नीट लिहायला हवं. 

सकाळी मी प्रयत्न क्र. ५८ करत होतो. दाक्षायणी खाली आली. एका हातात चहा, दुसऱ्या हातात काळ्या दोऱ्याचं रीळ. पदर कमरेला खोचलेला.

"सरका जरा."

"अगं, करंट आहे त्यात."

"सहा व्होल्टचा. सरका."

मी सरकलो. तिने माझी छपन्न तासांची जोडणी दोन मिनिटांत सोडवली. मग मला मागच्या चाकाजवळ बसवलं आणि वायरींची मागची टोकं माझ्या हातात दिली. "मी इकडून एक एक ओढते. हातात कुठली हलली ते सांगा."

ती ओढायची, मी सांगायचो. ही मागच्या दिव्याची. ही ब्रेकची. मग मला कॉइलपाशी बसवलं, मग पॉइंटपाशी. अर्ध्या तासात चौदा वायरींचा पत्ता लागला. हे एवढं सोपं काम मला तीन आठवड्यांत सुचलं नाही. आठ हजार कोटींचा गुणाकार मात्र सुचला.

एकेक वायर सापडली की ती दोऱ्याचा वेढा द्यायची आणि गाठ मारायची. बोटं भरभर फिरायची. मी पाहत राहिलो, कारण तीच गाठ होती. मी कात्रीने कापलेली.

"तुला कुणी शिकवलं हे?"

"आप्पांनी. मिलमध्ये तुटलेला धागा जोडायची गाठ आहे ही. डोळे मिटा."

"का?"

"मिटा तर." तिने माझं बोट धरून वायरीवर ठेवलं. "मोजा."

"एक, दोन, तीन."

"तीन म्हणजे पॉइंट. दोन म्हणजे चावी. एक म्हणजे बॅटरी. आता सांगा, रंग लागतो का?"

मी डोळे उघडले. ती गाडीकडे बघत बोलत होती, माझ्याकडे नाही.

"आप्पांना काचबिंदू झाला होता. नव्व्याण्णवला एक डोळा गेला, वर्षभरात दुसरा. चष्मा केला, त्याचा उपयोग झाला नाही. जुन्या वायरी जळत आल्या होत्या, तेव्हा म्हणाले, दाक्षव्वा, समद्या एका रंगाच्या आण, मला कुटं रंग दिसतोय, आन् तू गाठी मार. मग आम्ही दोघांनी मिळून वायरिंग केलं. ते सांगायचे, मी बांधायची. रोज सकाळी ते बोटांनी गाठी मोजून बघायचे."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांनीच शपथ घातली होती. म्हणाले, मल्लूला कळलं तर बदली मागून परत येईल, बढती जाईल. तुम्ही शनिवारी यायचा, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. तुम्हाला डोळे दिसू नयेत म्हणून."

मी शनिवारी यायचो, रविवारचा पेपर त्यांच्या उशाशी ठेवायचो आणि म्हणायचो, वाचा. ते हो म्हणायचे. सोमवारी पहाटे पेपर तसाच घडीचा असायचा आणि मला वाटायचं, काय व्यवस्थित माणूस आहे.

मला रडू आलं. पार्किंगमध्ये, हाताला ग्रीस, चहा गार झालेला. दाक्षायणीने पदराने माझं तोंड पुसलं, तर ग्रीस गालभर पसरलं. केराबाई झाडू घेऊन येत होती, ती आल्या पावली परत गेली.

मग मला एकदम मीटर आठवला. "दाक्षायणी, ते पाच हजार किलोमीटर?"

"वरण लावायचंय," म्हणाली आणि जिना चढून गेली.

२७ एप्रिल, रविवार

दहाला पाच कमी असताना सगळे सभासद खाली. प्रभुलिंगने खुर्ची आणली होती. टेम्पोवाल्याचा नंबर आपल्याकडे आहे, असं त्याने मला दोनदा सांगितलं. वैजयंती मॅडमच्या हातात घड्याळ. कल्लप्पा रिक्षाने आला होता, बोलावलं नसताना.

मी चावी लावली. लाल दिवा लागला. हॉर्न दाबला, हॉर्न वाजला. ब्रेक दाबला, ब्रेकचाच दिवा लागला. मंडळी प्रभावित झाली. मी किक मारली.

काही नाही.

दुसरी, तिसरी. प्रभुलिंग मोठ्याने मोजू लागला. सातव्या किकेला माझी चप्पल उडून व्हॅनखाली गेली. नवव्या किकेला दम लागला. वैजयंती मॅडम हळूच म्हणाल्या, "बिराजदार, पुरे का?" त्या आवाजात कीव होती, आणि ती मला हसण्यापेक्षा जास्त लागली. मी गाडीच्या टाकीवर हात ठेवून उभा राहिलो. डोळ्यांपुढे टेम्पो दिसत होता.

"सरका," मागून आवाज आला.

दाक्षायणी. आज तिने पांढऱ्या काठाची, बाळीवेसच्या वेळची जुनी इरकल नेसली होती, ते सकाळपासून मला विचित्र वाटत होतं. तिने वाकून पेट्रोलचा कॉक उघडला. तो मी उघडलाच नव्हता. कार्बोरेटरवरचं बटण दोनदा दाबलं, थांबली, पेट्रोलचा वास घेतला. मग डाव्या पायाने एक किक. एकच.

गाडी खोकली, धूर सोडला आणि सुरू झाली. ढग ढग ढग ढग. तो आवाज मी एकोणीस वर्षांनी ऐकत होतो.  धुरात प्रभुलिंग दिसेनासा झाला.

टाळ्या वाजल्या. मी आभाराचे दोन शब्द बोलायला पुढे आलो, तर दाक्षायणीने साडी सावरली, गाडीवर टांग टाकली, स्टँडवरून गाडी पुढे घेतली, त्याच किकच्या दांड्याने (जावाला दोन्हीला एकच दांडा असतो) गिअर टाकला आणि निघाली. व्हॅनला वळसा घालून, गेटमधून, बाहेर.

माझ्यासकट बावीस सभासद गेटकडे बघत होते. फक्त कल्लप्पा व्हॅनला टेकून तंबाखू मळत होता.

"कल्लप्पा," मी म्हटलं, "हिला गाडी येते?"

"आता! आप्पांना रोज फाटं शिद्देश्वराच्या तळ्यावर कोण न्यायचं? म्हातारा मागं बसायचा, सून फुडं. आक्क्या बाळीवेसला ठावं हाय. तुमी तेवडं शनवार-ऐतवारी असायचा, तवा बंद."

मी मनातल्या मनात हिशेब केला. जाऊन-येऊन तीन किलोमीटर, आठवड्याचे पाच दिवस, सात वर्षं. आकडा मीटरशी जवळजवळ जुळला. या सगळ्यात मी ज्या एका गोष्टीवर विश्वास ठेवला नव्हता, तेवढी एकच खरं बोलत होती.

दहा मिनिटांनी ती परत आली. केस विस्कटलेले, चेहरा असा की मी लग्नात पाहिला होता, त्यानंतर आज. गाडी बंद केली नाही.

मी विचारलं, "लायसन?"

"होतं ना. आप्पांचं. मागे बसलेलं असायचं."

गाडीच्या कागदपत्रांचीही मुदत संपलेली आहे, हे मला माहीत आहे. सचिव या नात्याने मी त्या वेळी दुसरीकडे पाहत होतो.

वैजयंती मॅडमनी इतिवृत्त मागितलं. तिथंच, व्हॅनच्या बॉनेटवर ठेवून लिहिलं: "वाहन चालू स्थितीत आढळले. चालक, सौ. दाक्षायणी मल्लिकार्जुन बिराजदार." मग त्याच पानावर आणखी एक ओळ घातली, की कोरे यांच्या व्हॅनला आतली मांजराची नवी पिल्लं मोठी होईपर्यंत मुदत द्यावी. प्रभुलिंगने व्हॅनखाली वाकून माझी चप्पल काढून दिली.

"बसा," दाक्षायणी म्हणाली.

"मी? मागे?"

"मग काय पुढं बसणार?"

मी बसलो. धरायचं कुठं ते कळेना, शेवटी तिच्या खांद्यावर हात ठेवला. विजापूर रोडला लागलो, गर्दी नव्हती, रविवार होता. ती जरा मान वळवून बोलू लागली, मोठ्याने, सावकाश, शब्द सुटे सुटे करत.

"आता स्पीडब्रेकर आहे. धरा. डाव्या हाताला रसवंती, बैल झोपलाय. पुढं सिग्नल, लाल आहे, थांबतेय. एक बाई डोक्यावर घागर घेऊन चाललीय, घागर पितळेची आहे. आता सुटला. आता तळ्याचं वळण येईल, गार वारं लागेल बघा."

सगळं मला स्वच्छ दिसत होतं. ती घागर स्टीलची होती; पितळेची आप्पांच्या वेळी असेल. मी तिला थांबवणार होतो, म्हणणार होतो, अगं मी आहे मागे, आप्पा नव्हेत. नाही म्हणालो. वळणाच्या आधी मी डोळे मिटून घेतले आणि विचारलं, "मग, पुढं काय आहे?"